पीक मोडण्यापूर्वी वाढीचा डोळा तपासा

वाशीम जिल्ह्यात पेरणी वेळेवर साधली तरी पुढचे तीन-चार आठवडे शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. कोठे वाणी रोपे कुरतडते, कोठे हरणांचा कळप रात्रीतून सोयाबीनचे शेंडे खाऊन जातो, कोठे पाऊस ताण देतो, तर कोठे दोन-दोन दिवस तासांत पाणी साचून राहते. सकाळी वावरात गेल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच, की हे पीक पुन्हा उभे राहील, की मोडून दुबार पेरणी करावी? दुबार पेरणी म्हणजे बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा आली. शिवाय गेलेले पंधरा दिवस परत मिळत नाहीत ते वेगळेच. उलट, न सुधारणारे पीक आशेवर ठेवले तर हंगामच हातचा जातो.

हा निर्णय बरेचदा शेजाऱ्याने काय केले हे पाहून घेतला जातो. खरे तर त्याचे उत्तर रोपावरच असते. मात्र रोप नेमके कोठून वाढते हे ठाऊक असेल तरच ते दिसते. म्हणून प्रथम वाढ कशी होते ते पाहू व नंतर आपल्या पिकांकडे वळू.

झाड सर्वांगाने वाढत नाही

वासरू वाढते तेव्हा त्याचे पाय, मान, पाठ असे सगळे अंग एकाच वेळी वाढते. झाडाचे तसे नसते. धुऱ्यावरच्या निंबाला छातीइतक्या उंचीवर एक खिळा ठोकून ठेवा. दहा वर्षांनी झाड दुप्पट उंच झालेले असेल, पण खिळा छातीइतक्याच उंचीवर सापडेल. फार तर खोड जाड होऊन त्याने खिळा गिळलेला असेल. याचा अर्थ असा, की झाडाची उंची शेंड्याकडून वाढते, खोडाचा मधला भाग वर सरकत नाही. जाडी वाढते ती मात्र सालीच्या आतून.

वनस्पतीचे शरीर असंख्य पेशींचे बनलेले असते. त्यांतील बहुतेक पेशींची कामे ठरून गेलेली असतात. कोणी पाणी वाहते, कोणी अन्न साठवते, कोणी आधार देते. या पेशी सहसा पुन्हा विभागत नाहीत. काही मोजक्या ठिकाणच्या पेशी मात्र कायम कोवळ्या राहतात आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार अशा विभागत असतात. पेशींच्या अशा समूहाला शास्त्रीय भाषेत विभाजी ऊती म्हणतात. उसाच्या कांडीवरील, हळदीच्या गड्ड्यावरील किंवा संत्र्याच्या काडीवरील ज्या ठिकाणाला आपण डोळा म्हणतो, त्याच्या आत हीच ऊती असते. म्हणून या लेखात तिला वाढीचा डोळा असेच म्हटले आहे.

हे डोळे तीन ठिकाणी असतात. पहिले ठिकाण म्हणजे खोडाचा शेंडा, मुळाचे टोक आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यातील कळी. दुसरे ठिकाण गवतवर्गीय पिकांत आढळते. गहू, ज्वारी, ऊस यांच्या पेराच्या बुडाशी व पानाच्या तळाशी अशी ऊती असते. बैलाने हराळीचा वरचा भाग खाल्ला तरी पाते पुन्हा लांबते ते याच कारणाने. तिसरे ठिकाण साल आणि लाकूड यांच्या मधला अतिशय पातळ थर. त्याला एधा म्हणतात. खोड आणि मूळ जाड होते ते या थरामुळे.

शेंड्यातील खरा डोळा फार लहान असतो. कोवळ्या पानांची एकेक घडी सोडवत गेलो तर सर्वांत आत मिलिमीटरपेक्षाही बारीक असा एक उंचवटा राहतो, तोच हा डोळा. त्याच्या कडेने नवी पाने व कळ्या तयार होतात आणि थोड्या खालच्या भागात नव्या पेशी पाणी घेऊन फुगतात व लांब होतात. पेशी तयार होणे आणि पेशी फुगणे ही दोन कामे वेगळी आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पावसाचा ताण पडला की आधी थांबते ते फुगणे. म्हणजे सोयाबीनची पाने दुपारी माना टाकू लागतात त्याच्या पुष्कळ आधीच वाढ खुंटलेली असते. संरक्षित ओलिताची सोय असेल तर पीक सुकल्याचे दिसेपर्यंत वाट पाहू नये, असे आम्ही सांगतो ते यामुळे.

डोळा जमिनीवर की जमिनीखाली?

दुबार पेरणीचा प्रश्न येथे येतो. रोप कोवळे असताना त्याचे डोळे कोठे आहेत, हे पिकागणिक वेगळे असते.

सोयाबीन, मूग, उडीद आणि कपाशी यांची बीजदले उगवताना जमिनीच्या वर येतात. सोयाबीनचे रोप उपटून पाहा. बीजदलांच्या खालचा जो गुळगुळीत दांडा मुळापर्यंत जातो, त्यावर एकही डोळा नसतो. सर्वांत खालचे दोन डोळे बीजदलांच्या बेचक्यात असतात. त्यांच्या वर पहिल्या साध्या पानांच्या जोडीचे व पुढे प्रत्येक त्रिदली पानाचे. त्यामुळे वाणीने किंवा गोगलगायीने रोप बीजदलांच्या खाली कापले, तर त्या रोपाची आशा सोडावी. ते फुटणार नाही. पण हरणाने फक्त शेंडा खाल्ला आणि बीजदले किंवा त्यांच्या बेचक्यातील डोळे शाबूत राहिले, तर त्या डोळ्यांतून दोन फांद्या निघतात. असे रोप बुटके राहील, पण मरणार नाही.

तूर आणि हरभरा यांची बीजदले जमिनीतच राहतात, त्यामुळे खालचे काही डोळे मातीच्या आड सुरक्षित असतात. रोप जमिनीबरोबर खुडले गेले तरी खालून नवा कोंब येण्याची शक्यता असते. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या आसपासच्या शेतकऱ्यांना याचा अनुभव आहे. हरभरा लहानपणी खाल्ला गेला तरी तो पुन्हा फुटतो, सोयाबीन मात्र तितके माफ करीत नाही.

गहू व ज्वारीचे आणखी वेगळे. उगवणीनंतर साधारण महिनाभर त्यांचा मुख्य डोळा जमिनीच्या खाली किंवा जमिनीलगतच असतो. वर दिसते ते खोड नसून पानांच्या गुंडाळ्या असतात. त्यामुळे वीस दिवसांच्या गव्हात जनावर शिरले आणि पाने खाऊन गेले तर घाबरण्याचे कारण नाही. कांडी धरू लागल्यावर मात्र डोळा, म्हणजे होणारी ओंबी, कांडीबरोबर वर चढते. त्यानंतर तुटलेली कांडी ओंबी घेऊनच जाते, आणि फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीत मोडलेला गहू सावरत नाही याचे कारण हेच आहे.

ज्वारीचा डोळा जमिनीलगत सुरक्षित असला तरी त्याचा एक शत्रू थेट तेथपर्यंत पोहोचतो, तो म्हणजे खोडमाशी. पानाच्या खालच्या बाजूवर घातलेल्या अंड्यातून अळी निघते, पोंग्यात उतरते आणि नेमका वाढीचा डोळाच कापते. मधले पान सुकते, ओढल्यावर सहज हातात येते आणि त्याला कुजका वास येतो. यालाच आपण पोंगेमर म्हणतो. मुख्य डोळा मेल्यावर बुडाचे डोळे जागे होतात आणि फुटवे निघतात. ते हिरवे दिसतात म्हणून शेतकरी समाधान मानतो, पण उशिरा आलेल्या फुटव्यांवर माशीचा पुन्हा हल्ला होऊ शकतो. ज्वारीची पेरणी लवकर आटोपण्याचा आग्रह धरला जातो तो रोप या माशीच्या वाढत्या संख्येच्या आधी मोठे व्हावे म्हणून.

सोयाबीनच्या खोडमाशीचे दुखणे लपलेले असते. तिची अळी पानाच्या शिरेतून देठात व देठातून खोडात जाते आणि आतला गर खात खाली-वर फिरते. वरचा डोळा जिवंत असतो, म्हणून झाड बाहेरून ठीक दिसते. खोड उभे चिरले की आत तांबूस नागमोडी बोगदा दिसतो. चक्रीभुंगा खोडावर किंवा देठावर दोन चकत्या कोरतो आणि चकतीच्या वरचा भाग वाळतो. येथे डोळे कोठे उरले हे पाहणे सोपे आहे, कारण चकतीच्या खालचे सगळे डोळे शाबूत असतात. चक्रीभुंगा दिसताच वाळलेला भाग चकतीच्या खालून खुडून अळीसह नष्ट करावा.

आता पीक मोडावे की ठेवावे हे कसे ठरवावे? नुकसान झाल्याबरोबर त्याच दिवशी निर्णय घेऊ नये. डोळे जागे होण्यास चार ते सहा दिवस लागतात. तोपर्यंत वावरात पाच वेगवेगळ्या ठिकाणी एक मीटर तास मोजून घ्यावे. सोयाबीन ४५ × ५ सें.मी. अंतरावर असेल तर एका मीटरमध्ये २० रोपे अपेक्षित असतात. त्यांतील किती रोपांना जिवंत डोळा आहे ते मोजावे, नुसती हिरवी रोपे मोजू नयेत. शंका असेल तेथे नखाने शेंडा किंवा बेचके उकलून पाहावे. आतला भाग पांढरट-हिरवा व टणक असेल तर डोळा जिवंत आहे, तपकिरी व मऊ झाला असेल तर मेला आहे.

सोयाबीनला मोकळी जागा मिळाली की बेचक्यातील डोळे फांद्या देऊन ती भरून काढतात. त्यामुळे उरलेली रोपे वावरभर सारखी विखुरलेली असतील आणि निम्म्याहून अधिक असतील, तर पीक मोडण्याची घाई करू नये असे माझे मत आहे. मोठमोठे पट्टे रिकामे झाले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा तेवढेच पट्टे पुन्हा पेरावेत. दिवस लहान होत गेले की सोयाबीन फुलावर येते, त्यामुळे उशिरा पेरलेल्या पिकाला पेरे व फांद्या करण्यास वेळच मिळत नाही. १५ जुलैनंतर सोयाबीनची दुबार पेरणी करण्यापेक्षा दुसऱ्या पिकाचा विचार केलेला बरा.

तणनाशकाबाबतही थोडे सांगणे आवश्यक आहे. सोयाबीनमध्ये उगवणीनंतर वापरले जाणारे इमॅझेथापायर पानाला जाळत नाही, ते तणाच्या वाढीच्या डोळ्यांतील काम बंद पाडते. त्यामुळे फवारणीनंतर आठवडाभर तण हिरवेच दिसते आणि ‘औषध लागले नाही’ म्हणून पुन्हा फवारणी केली जाते. ही चूक महागात पडते. तणाचा शेंडा पिवळा पडून वाढ थांबली आहे का, एवढेच पाहावे. जुने भाग नंतर हळूहळू मरतात. तण दोन ते चार पानांचे असतानाच फवारणी केली तर परिणाम चांगला मिळतो आणि मात्रा लेबलवरच्याप्रमाणेच घ्यावी लागते.

तुरीचे शेंडे का खुडावेत

आतापर्यंत डोळा अपघाताने गेला तर काय होते ते पाहिले. तुरीत आपण तो मुद्दाम काढतो.

सोयाबीनच्या काही तासांमागे तुरीचे एक-दोन तास घेण्याची पद्धत जिल्ह्यात सर्वत्र आहे. सोयाबीन निघेपर्यंत तूर दोन्ही बाजूंनी दबलेली असते, उजेडासाठी सरळ उंच जाते आणि बुडाकडे फांद्या कमी राहतात. तिच्या प्रत्येक पानाच्या बेचक्यात डोळा असतो, पण तो झोपलेला असतो. त्याला झोपवून ठेवणारा शेंडा आहे. शेंड्यातील कोवळी पाने ऑक्झिन नावाचे संजीवक तयार करतात व ते खोडातून खाली उतरते. अमेरिकेत थिमान आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी १९३३ च्या सुमारास घेवड्याच्या जातीच्या एका झाडाचा शेंडा कापला, तेव्हा बाजूचे डोळे फुटले. कापलेल्या जागी ऑक्झिन लावले, तेव्हा ते पुन्हा दबले.

नंतरच्या संशोधनाने यात भर घातली. मुळांत तयार होणारे सायटोकायनिन डोळ्यांना जागे करते. २००८ मध्ये स्ट्रिगोलॅक्टोन या संजीवकाचा शोध लागला, ते फांद्यांना रोखते. मातीत स्फुरद कमी असला की झाडे हे संजीवक अधिक तयार करतात व फांद्या कमी फुटतात. २०१४ मध्ये असेही दाखवण्यात आले की शेंडा काढल्याबरोबर तिकडे जाणारी साखर बाजूच्या डोळ्यांकडे वळते आणि पहिली जाग त्या साखरेनेच येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. शेंडा खुडणे म्हणजे फक्त दार उघडणे. आत येण्यासाठी झाडाकडे अन्न, ओल व स्फुरद हवा. हलक्या मुरमाड जमिनीत उपाशी तुरीचे शेंडे खुडून चार फांद्या वाढतील, पण त्यांना शेंगा भरण्याची ताकद कोठून येणार?

तूर साधारण दीड महिन्याची झाल्यावर पहिली खुडणी करावी. शेंड्याचा फक्त कोवळा भाग, ५ ते ६ सें.मी., हाताने किंवा कात्रीने काढावा. विळ्याने सरसकट कापू नये. विळा जून खोडापर्यंत जातो आणि त्यासोबत फुटण्याजोगे वरचे डोळेही जातात. पुढे सुमारे तीन आठवड्यांनी नव्या फांद्यांचे शेंडे पुन्हा एकदा खुडता येतात. त्यानंतर हात लावू नये. कळ्या धरण्याच्या वेळी खुडलेला शेंडा म्हणजे काढून टाकलेला फुलोरा होय. जमिनीत ओल नसेल, उघडीप लांबली असेल, तर खुडणी पुढे ढकलावी. बाजारात बॅटरीवर चालणारी शेंडे खुडणीची यंत्रे मिळतात, त्यांनी मजुरी वाचते, परंतु पाते किती खाली धरायचे यावर लक्ष असावे.

वाण पाहणेही गरजेचे आहे. तुरीचे काही वाण असे आहेत की त्यांचा शेंडा स्वतःच फुलोऱ्यात संपतो. इक्रिसॅटचा आयसीपीएल ८७ हा या प्रकारचा लवकर येणारा वाण. त्यास खुडण्यात फारसा अर्थ नाही. आयसीपीएल ८७११९ म्हणजे आशा किंवा बीएसएमआर ७३६ यांसारख्या मध्यम कालावधीच्या वाणांचा शेंडा वाढतच राहतो. खुडणीचा उपयोग या वाणांना होतो.

रोह्याने एक-दीड महिन्याची तूर वरून खाल्ली तर बिचारी गेली असे समजू नये. त्याने फुकटात खुडणी केली असे समजून वाट पाहावी. हरभऱ्यातही हाच प्रकार. बायाबापड्या कोवळ्या हरभऱ्याची भाजी खुडतात तेव्हा पिकाचे नुकसान होते असे अनेकांना वाटते. तीस-पस्तीस दिवसांच्या हरभऱ्याचा कोवळा शेंडा हाताने हलकेच खुडला आणि जमिनीत ओल असली, तर बाजूच्या फांद्या वाढतात. फुले लागल्यावर मात्र भाजीचा मोह आवरावा.

कपाशी: गळफांदी आणि फळफांदी

कपाशीच्या पानाच्या बेचक्यातून दोन प्रकारच्या फांद्या निघतात. बुडाकडच्या काही डोळ्यांतून खोडासारखी सरळ वाढणारी गळफांदी येते. तिच्यावर थेट बोंड लागत नाही. वरच्या डोळ्यांतून येणारी फळफांदी नागमोडी असते, कारण तिचा प्रत्येक पेर एका कळीत संपतो व पुढचा पेर बाजूच्या डोळ्यातून निघतो. हे ओळखता आले की जवळ लागवडीत गळफांद्या लवकर काढून टाकण्याची पद्धत का निघाली ते समजते. लांब अंतरावरील भारी जमिनीतील कपाशीत मात्र गळफांद्यांवरील फळफांद्याही उत्पन्न देतात. तेथे त्या सरसकट काढणे मला पटत नाही.

कपाशीचा डोळा एका गोष्टीला फारच नाजूक आहे, ती म्हणजे २,४-डी. हे तणनाशक म्हणजे कृत्रिम ऑक्झिनच आहे. शेजारच्या धुऱ्यावर किंवा ज्वारीत फवारलेले औषध वाऱ्याने आले, किंवा त्याच पंपाने नीट न धुता कपाशीवर कीटकनाशक फवारले, तरी आठ-दहा दिवसांत नवी पाने अरुंद, बोटांसारखी, भेंडीच्या पानासारखी निघतात. जुनी पाने चांगलीच असतात, कारण ती आधी तयार झालेली. बिघाड डोळ्यात झालेला असतो. अनेक शेतकरी हा विषाणू रोग समजून औषधावर पैसे घालतात. अशा वेळी ओल व खत देऊन वाट पाहणे एवढेच हाती असते. मात्रा कमी असेल तर पुढची पाने पुन्हा सरळ येतात. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवावा. ते शक्य नसेल तर धुण्याच्या सोड्याने पंप, नळी व नोझल अनेकदा धुवावे.

वाढीच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या टॉनिकांबद्दलही लिहिले पाहिजे. बाटलीवर घटक व त्यांचे प्रमाण लिहिलेले नसेल तर ती विकत घेऊ नये. संजीवक अत्यल्प मात्रेत काम करते आणि जास्त झाल्यास उलट परिणाम देते. २,४-डीचे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे.

मुळाचे टोक

मुळाची लांबी टोकाच्या अगदी मागच्या काही मिलिमीटरमध्ये वाढते. टोकावर एक टोपी असते, ती मातीत घासली जाते व पुन्हा तयार होते. विभागणाऱ्या पेशींना प्राणवायू लागतो. पैनगंगेच्या काठच्या भारी जमिनीत दोन-तीन दिवस पाणी साचले की आधी ही टोके गुदमरतात. पाणी ओसरल्यावर पीक पिवळे दिसते, कारण नवे मूळ नाही, म्हणून अन्न नाही. तेव्हा लगेच युरिया टाकण्यापेक्षा चर काढून पाणी बाहेर काढावे आणि वाफसा येताच हलकी डवरणी करून माती मोकळी करावी. रुंद वरंबा व सरी पद्धतीचा म्हणजे बीबीएफ पेरणीचा खरा फायदा अतिपावसात टोके जिवंत राहण्यात आहे.

डवऱ्याने तुटलेल्या मुळाला बाजूने नवी मुळे फुटतात, पण त्यासाठी पीक अन्न खर्च करते. म्हणून सोयाबीन फुलावर येण्यापूर्वी डवरणी संपवावी. गव्हात पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी बुडाच्या पेरातून मुकुटमुळे फुटतात. त्या वेळी वरची माती कोरडी असेल तर ती मुळे निघत नाहीत व फुटवेही कमी राहतात. एकच पाणी हाताशी असेल तर ते याच वेळी द्यावे.

सालीखालचा डोळा

संत्र्याची कलमे डोळा भरून करतात. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर साल चिरून तिच्याखाली संत्र्याचा डोळा बसवला जातो. तो जगतो तो एधेमुळे. खुंटाची एधा आणि डोळ्याची एधा एकमेकींना चिकटली, दोन्हींच्या पेशी विभागल्या, की सांधा तयार होतो. साल सहज सुटते त्या दिवसांतच डोळा भरावा असे कलमकार सांगतो, कारण साल सुटणे म्हणजेच एधा काम करीत असणे. पाणी कमी पडलेल्या खुंटाची साल सुटत नाही, त्यावर डोळे भरू नयेत. कलम घेताना सांधा जमिनीपासून किमान २० ते २५ सें.मी. उंच आहे का ते पाहावे. खाली भरलेला डोळा मातीच्या संपर्कात येऊन पुढे डिंक्या रोगाला बळी पडतो. खुंटावरून, म्हणजे सांध्याच्या खालून फुटलेले कोंब लगेच काढावेत. ते संत्र्याचे नसतात, लिंबाचे असतात, आणि जोमाने वाढून वरचे कलम मारतात.

झाडाभोवती गोल साल काढल्यास अन्न मुळांकडे जाणे थांबते व एधाही तुटते, म्हणून झाड काही काळाने वाळते. गुरे बांधण्याचा दोर किंवा तार वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी आवळून ठेवली तर तेच घडते. बागेतील आधाराच्या दोऱ्या वर्षातून एकदा सैल कराव्यात.

केळी, ऊस, हळद यांना अशी सलग एधा नसते, म्हणून त्यांचे नेहमीच्या पद्धतीने कलम होत नाही. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे.

हळदीचे बेणे आणि ऊतिसंवर्धन

रिसोड भागात व शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात हळदीचे क्षेत्र आहे. हळदीचा गड्डा म्हणजे जमिनीतले खोडच, त्याच्या प्रत्येक पेरावर डोळा असतो. बेणे निवडताना वजनाबरोबर डोळे मोजावेत. जेठा गड्डा निरोगी, टणक आणि किमान एक-दोन चांगले फुगलेले डोळे असलेला असावा. कंदमाशीची अळी किंवा कंदकुज लागलेल्या गड्ड्याचे डोळे आधी मऊ पडतात. अंगठ्याने दाबल्यावर दबणारा डोळा लावू नये. पुढे पावसात गड्डे उघडे पडले की उजेड लागून हिरवे होतात व त्यांची वाढ थांबते, म्हणून लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांनी माती लावून भरणी करणे टाळू नये.

एका डोळ्यापासून हजारो रोपे करण्याची पद्धत म्हणजे ऊतिसंवर्धन. फ्रान्समध्ये मोरेल व मार्टिन यांनी १९५२ मध्ये विषाणूग्रस्त डेलियाच्या शेंड्यातील सूक्ष्म डोळा काढून वाढवला आणि त्यापासून विषाणूमुक्त झाड मिळवले. डोळ्यापर्यंत अन्नवाहिन्या पोहोचलेल्या नसतात, त्यामुळे विषाणूही तेथे फारसा पोहोचत नाही. हळदीची रोपे अशा पद्धतीने वेगाने वाढवण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच प्रसिद्ध केले होते. आज केळीची लागवड मोठ्या प्रमाणावर ऊतिसंवर्धित रोपांनी होते.

मात्र ‘टिश्यू’चे रोप म्हणजे रोगाला दाद न देणारे रोप, असा समज झालेला आहे, तो बरोबर नाही. ते प्रयोगशाळेतून निघताना स्वच्छ असते इतकेच. मावा किंवा रोगट माती यांमार्फत त्याला शेतात पुन्हा रोग लागू शकतो. मूळ मातृवृक्ष विषाणूसाठी तपासला नसेल तर रोग रोपांबरोबरच येतो. रोपे घेताना पुरवठादाराकडे विषाणू तपासणीचे प्रमाणपत्र मागावे व रोपे रोपवाटिकेत कठीण करून घेतलेली आहेत का ते विचारावे. दोन-चार रोपांच्या पिशव्या फोडून मुळांची टोके पाहावीत. टोके पांढरी व भरपूर असतील तर रोप घ्यावे. काळी पडलेली किंवा पिशवीत गोल गुंडाळलेली मुळे असलेली रोपे स्वस्त मिळाली तरी परत करावीत.